घरटी एक छाती

शनिवार, जानेवारीतला तिसरा. सकाळी साडेनऊ. वर्ध्याजवळचं एक हॉस्पिटल, सोनोग्राफीच्या खोलीबाहेरचे बाक.

हजर: मी, माझी भाची (फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर वर्गातली), तिची वर्गमैत्रीण, वीस घरांतून वीस पुरुष. गैरहजर: आमचे हे. दुकान उघडं ठेवायचं होतं.

वहीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. त्या दिवशी मला ती फार आवडली होती. आठ दिवसांपूर्वी ज्या वीस घरांतून माणसं आली होती, त्याच वीस घरांतून पुन्हा आली होती. एकही घर गळालं नव्हतं. घरच्या कार्यातसुद्धा मला इतकी हजेरी मिळालेली नाही.

काम असं होतं. छातीच्या स्नायूची जाडी सोनोग्राफीने मोजली तर ते माप कितपत भरवशाचं, हा भाचीच्या प्रबंधाचा विषय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "टेपने का नाही मोजत? शिंपी मोजतोच की."

"मावशी, टेप कातडी, चरबी, बनियन सगळं धरून मोजते. मला फक्त आतला स्नायू पाहिजे."

मोठ्या दुखण्यात महिनाभर आडवा पडलेला माणूस आतून किती खंगला आणि व्यायाम सुरू केल्यावर किती भरून आला, हे त्या जाडीवरून कळू शकतं. पण आधी एक गोष्ट ठरायला हवी. त्याच माणसाची तीच छाती आठ दिवसांनी पुन्हा मोजली, तर माप तेच आलं पाहिजे. नाही आलं, तर दोष एकतर यंत्राचा नाहीतर यंत्र धरणाऱ्या हाताचा. मला हे लगेच पटलं. आमच्या दुकानातला काटाही तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो.

हात भाचीचा होता. प्रबंध फेब्रुवारीअखेर जमा झाला तर नागपूरच्या एका हॉस्पिटलातली जागा तिची. नाही झाला तर ती सहा महिने मागे आणि जागा दुसऱ्या कोणाची. तिच्या गाइड मॅडमनी तिला हे दोनदा सांगितलं होतं, तिने मला चारदा.

तिला वीस धडधाकट पुरुष हवे होते, व्यायामशाळेत न जाणारे आणि लागोपाठ दोन शनिवार येऊ शकणारे. कॉलेजची मुलं पहिल्या शनिवारी येतात आणि दुसऱ्या शनिवारी फोन उचलत नाहीत, असा तिचा अनुभव. मी म्हटलं, माणसं मी देते. सिंदी रेल्वेला आमचं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान आहे. गिऱ्हाइकांची यादी तयारच होती. कोणत्या घरात किती माणसं, कोण शब्द पाळणारं, कोण नुसतं हो म्हणणारं, हे मला पाठ आहे. दोन दिवसांत वीस घरं ठरली. सगळ्यांना निरोप एकच: दोन शनिवार वर्ध्याला यायचं, जाणं-येणं आमच्या गाड्यांनी, तर्री-पोहे आमच्याकडून, घरटी एक माणूस.

"घरटी एक" हे मी दोन गाड्यांतल्या जागा मोजून म्हटलं होतं.

पहिला शनिवार गडबडीचा गेला. सोनोग्राफीचं यंत्र असं कुठेही उचलून नेता येत नाही, कायदा कडक आहे. म्हणून आमचे वीस जण तिथेच येऊन बसले, एरवी जिथे गरोदर बायका बसतात त्या बाकांवर, त्या नेहमीच्या पाटीखाली: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. सुनेला घेऊन आलेल्या एका आजीबाईंनी रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि मला विचारलं, "यायले काय झालं व बाई?"

"काही नाही. छाती मोजायची आहे."

"एवढ्यायची?"

"एवढ्यांची."

"आमच्या वक्ती पोलिसात भरती राहे तं मोजेत," त्या म्हणाल्या आणि सुनेला जरा पलीकडे सरकवून बसवलं.

भरती हा शब्द वीसही जणांनी ऐकला. तोपर्यंत वाकून मोबाइल बघत बसलेली माणसं एकेक करून ताठ झाली. पुढचे तीन तास त्याचा त्रास झाला. कारण माप घ्यायचं असतं श्वास सोडल्यावर, छाती सैल असताना. भाची आत सांगत होती, "काका, श्वास सोडा. सोडा. अजून सोडा." आणि उत्तर येत होतं, "सोडल्यावर राह्यते काय, पोरी?" एकाने इतका वेळ श्वास धरून ठेवला, की मैत्रिणीला पाणी आणायला पळावं लागलं.

आत एक पडदा होता. पुढचा घोळ त्याच्याआड झाला, म्हणून त्याचं कारण सांगते. मोजणाऱ्याला माणूस ओळखू आला तर त्याचं मागचं माप आठवतं आणि हात नकळत तिकडे झुकतो. त्यामुळे झोपलेल्या माणसाच्या गळ्यावर आडवा पडदा: एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला छाती. मी दारात बसून हजेरी घ्यायची, प्रत्येक घराला एक ते वीसमधला त्याचा ठरलेला नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आत गेलेल्याने ती चिठ्ठी पोटावर ठेवून पडायचं. पहिल्या शनिवारी दोघी मुलींनी मोजलं, एकमेकींना न दाखवता. दुसऱ्या शनिवारी फक्त भाचीने. मैत्रीण आकडे लिहायची आणि पाकीट बंद करून मॅडमना द्यायची.

दुसरा शनिवार कसा गेला ते वर लिहिलंच आहे. बारा वाजता सगळे पोहे खाऊन परत गाडीत बसले होते. मी वीस खुणा मोजल्या आणि वही मिटली.

सोमवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मावशी, माझा हात खराब आहे," एवढंच म्हणाली. बाकीचं मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

मॅडमनी पाकिटं उघडली होती. पहिल्या शनिवारी दोघींची मापं छान जुळली होती. दुसऱ्या शनिवारची सोळा जणांची मापं पहिल्याशी जुळली, चार जणांची नाही. थोडाथोडका फरक असता तर चाललं असतं. पण नंबर सातची छाती आठ दिवसांत एक तृतीयांशाने वाढली होती आणि नंबर अकराची जवळजवळ तेवढीच आटली होती.

"मी वीस वर्षं खत विकते आहे," मी म्हटलं, "इतक्या लवकर काहीच वाढत नाही." ती हसली नाही.

मॅडमचं म्हणणं, यंत्राचा तो हातात धरायचा भाग जास्त दाबला की स्नायू चपटा होतो, कमी दाबला की जाड दिसतो. म्हणजे हात स्थिर नाही. नवी माणसं घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्यापासून म्हणजे फेब्रुवारी गेला.

मंगळवारी मी बोरगाव मेघेला तिच्या खोलीवर गेले. दोघी मुली जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये स्वयंपाकाचा वजनकाटा, काट्यावर ताटली, ताटलीत कणकेचा गोळा. भाची डोळे मिटून टॉर्चचं बूड त्या गोळ्यावर टेकवत होती आणि मैत्रीण वाचत होती: "बारा ग्रॅम. उचल. अकरा. उचल. बारा."

"हात तर ठीक दिसतो," मी म्हटलं.

"कणकेवर ठीक आहे," भाची म्हणाली. "माणसावर नाही." डोळे मिटलेलेच होते, पण सुजलेले दिसत होते.

रडणाऱ्या माणसाजवळ बसून काय बोलावं हे मला कळत नाही. मला वही उघडता येते. "न जुळलेले नंबर सांग," मी म्हटलं.

सात, अकरा, चौदा आणि एकोणीस. मी पान काढून वाचायला लागले. "सात. केळझर, देवळाच्या अलीकडचं घर. दोन्ही शनिवार हजर. पहिल्यांदा थोरला, दुसऱ्यांदा धाकटा. थोरल्याला कापूस जिनिंगला न्यायचा होता. अकरा. दोन्ही शनिवार हजर. पहिल्यांदा मुलगा, दुसऱ्यांदा बाप. चौदा..."

टॉर्च कणकेत रुतली. मैत्रिणीने काटा वाचला नाही.

"मावशी, हे काय वाचते आहेस?"

"हजेरी."

"धाकटा कोण?"

"थोरल्याचा भाऊ."

"म्हणजे दुसरा माणूस?"

"घर तेच आहे ना," मी म्हटलं.

हे मी पूर्ण आत्मविश्वासाने म्हटलं, हे कबूल करते. आमच्याकडे बोलावणं घराला असतं. लग्नाला थोरला गेला काय आणि धाकटा गेला काय, घर पोचलं की झालं. कोणी न आल्याचा राग धरतात, कोण आला याचा नाही. त्या शनिवारी धाकटा माझ्यासमोर उभा राहून म्हणाला होता, "भाऊ कापूस घेऊन गेला, वहिनी. घरचा नंबर द्या." मी त्याला नंबर सात दिला, वर त्याचं कौतुकही केलं. उरलेल्या तिघांनीही असंच काही सांगितलं आणि मी त्यांचंही कौतुक केलं.

मैत्रीण आधी हसली. भाची हसली नाही, ती आठवत होती. "सात नंबर," ती हळूहळू म्हणाली. "पहिल्या वेळी छातीवर इतके केस होते की यंत्र टेकवण्याआधी लावायच्या जेलची पाव बाटली संपली. दुसऱ्या वेळी एकदम गुळगुळीत. मला वाटलं, काका बिचारे जेल लागतं म्हणून काढून आले. मी मनात आभारसुद्धा मानले त्यांचे."

"आणि अकराच्या पोटावर पांढरे आले होते एका आठवड्यात," मैत्रीण म्हणाली.

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, घरी काही टेन्शन असेल."

मग भाची उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. "म्हणजे माणूस बदलला ते यंत्राने ओळखलं."

"यंत्राने ओळखलं, मावशींनी नाही," मैत्रीण म्हणाली.

"मीही ओळखलं होतं," मी म्हटलं. "फक्त हरकत घेतली नव्हती."

त्या कणकेच्या पोळ्या केल्या. नऊ झाल्या. भाचीने दोन दिवसांनी पहिल्यांदा नीट जेवण केलं.

बुधवारी सकाळी मी स्वतः मॅडमपुढे जाऊन उभी राहिले आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी वही मागून घेतली, ते पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्ही सगळीकडे इतकं व्यवस्थित लिहिता?" मी हो म्हटलं. "मग माणसाचं नाव का नाही लिहिलं?"

पण बाई न्यायी निघाल्या. मंजूर झालेल्या आराखड्यात लिहिलं होतं, दुसरं माप सात ते चौदा दिवसांच्या आत. म्हणजे येत्या शनिवारपर्यंत मुदत होती. मूळ चारही जण आले, त्यांची मापं जुळली, तर भाचीचा हात चांगला आणि प्रबंध वेळेत. एकही कमी चालणार नाही. "नेमके न जुळलेले गाळून टाकले, असं दिसेल," त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

चारपैकी तिघं एकेका फोनवर तयार झाले. अकरा नंबरचा मुलगा तर म्हणाला, "बाबा परत येतो म्हन्ते, पोहे चांगले होते." मी त्याला सांगितलं, बाबांनी गाडीत बसावं, पोहे खावेत, पण आत जाऊ नये.

राहिला नंबर सात, केळझरचा थोरला. तो त्याच दुपारी आपणहून दुकानात आला, हरभऱ्यावरच्या अळीचं औषध घ्यायला. मला वाटलं, कामच झालं. मी घाईत होते. मापं कोणाला सांगायची नाहीत हा नियम मला माहीत होता, भाचीने तो लिहूनही दिला होता. तरीही मी म्हणाले, "अहो, शनिवारी तुम्हालाच यावं लागतं बरं का. धाकट्याची तुमच्यापेक्षा एवढी जास्त निघाली की पोरीचा जीव टांगणीला लागला."

त्याने औषधाची बाटली परत काउंटरवर ठेवली. "कोनाची जास्त?"

"थोडीशी."

"थो वर्धेले हापिसात खुर्चीवर बसते, वहिनी. पोते मी उचलतो. थो काय उचलते? माहेरून आलेल्या बायकोची ब्याग नाई उचलत थो."

आमचे हे मागून म्हणाले, "जन्माची ठेवण राह्यते एकेकाची. बापावर गेला असन."

"बाप एकच हाय आमचा," थोरला म्हणाला.

मी विषय आवरायला बघितला. "म्हणूनच शनिवारी या. पाच मिनिटांचं काम आहे."

"येतो न. एका महिन्यानं येतो. तवरीक दंड मारतो."

"महिन्याने चालत नाही. आणि वाढवायची नाही. मागे होती तेवढीच पाहिजे."

"तेवढीच पाह्यजे तं मांगचंच लिहून घ्या. दुसऱ्यांदा कायले बलावता?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला भाचीने दोन वर्षं घातली आहेत. मला काउंटरवर उभ्या उभ्या देता आलं नाही. तो औषध घेऊन गेला. गाडीवर बसताना त्याने शर्टाचं वरचं बटण लावलेलं मी पाहिलं.

गुरुवारी ह्यांनी बातमी आणली, की नंबर सात वावरात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दंड मारून राह्यला. मी भाचीला फोन लावला. तीन दिवसांत स्नायू वाढतो का?

"वाढत नाही. पण मोजायच्या थोडं आधी मारले तर रक्त उतरून फुगतो," ती म्हणाली. "मावशी, त्यांना थांबव."

म्हणून आज, शुक्रवारी, दुपारची चूल आवरून मी केळझरला गेले. थोरला अंगणात खाटेवर बसला होता. त्याची बायको चहा देताना म्हणाली, "तीन दिवसांपासून अंडे उकडून मांगून राह्यले. आमच्या घरात अंडं येत नाई, वहिनी. बाहेरच्या चुलीवर उकडते मी." एवढं सांगून ती आत गेली.

ती आत गेल्यावर थोरला हळू आवाजात बोलला. "गोष्ट गावभर झाली, वहिनी. माह्याच तोंडून झाली, मी त्याले रागानं इचारलं. काल जेवाले बसलो तं पोरगा म्हन्ते, बाबा, काका तुमच्याहून जबर हाय म्हने. मशीननं सांगतलं. धाकटा काई बोलला नाई. हसलाबी नाई. त्यानं हसाले पाह्यजे होतं, मंग मी दोन शिव्या देल्या असत्या." मग म्हणाला, "याले मी खांद्यावर घेऊन शाळेत नेलं."

मी चहा संपवला. विचारलं, "मग काय करू म्हणता?"

"येतो मी उद्या. दंडबी मारत नाई. फक्त संध्याकाळी थो घरी आल्यावर तुमी याजा आन् सगळ्याइच्या पुढं सांगजा, का त्या दिवशी मशीन चुकली."

इतकं सोपं काम मला आठवड्यात दुसरं मिळालं नव्हतं. मी हो म्हणणारच होते, पण नियम मोडण्याचा अनुभव ताजा होता, म्हणून अंगणातूनच भाचीला फोन लावला.

"मावशी, ते एक वाक्य सोडून काहीही सांग," ती म्हणाली. "माझा अख्खा प्रबंध मशीन चुकली नाही यावर उभा आहे."

"तो केळझरला कोण वाचणार आहे?"

"कोणी नाही. पण खाली सही माझी आहे."

"मग हात चुकला म्हणू?"

"हातही नाही," मी स्वतःच म्हटलं.

मी फोन ठेवला आणि थोरल्याला खरं तेच सांगायचं ठरवलं. "मशीन चुकली नाही. मी चुकले. माझी यादी चुकली."

थोरल्याने मान हलवली. "अख्ख्या सेलू तालुक्याले मालूम हाय, वहिनी, तुमची यादी चुकत नाई. कोनी मानन नाई." आणि वर, "आन् यादी चुकली म्हनून त्याची छाती कमी होते काय?"

तेही बरोबर होतं. त्या घरात आज दुपारी मला सोडून सगळ्यांचं बरोबर होतं. मी त्याला म्हटलं, साडेसहाला येते, तोवर दंड नको. त्याने हो म्हटलं, पण उद्या येतो असं काही म्हटलं नाही.

आता चार वाजले आहेत. दुकानात बसून हे लिहिते आहे. उद्याची गाडी आठला निघेल. अकरा, चौदा, एकोणीस पक्के, या वेळी प्रत्येकापुढे माणसाचं नाव घातलं आहे आणि त्याच्या घरी त्यालाच फोनवर बोलावून विचारलं आहे. धाकट्याची बस सहा-वीसला फाट्यावर येते. साडेसहाला मी त्यांच्या अंगणात असेन, दोन्ही भाऊ, दोन्ही सुना आणि ते पोरगं समोर असेल, आणि मला असं एक वाक्य बोलावं लागेल ज्यात मशीन चुकलेली नाही, हात चुकलेला नाही आणि तरी थोरला सकाळी गाडीत बसतो. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिकडं गेल्यावर सुचन." मला तिकडे गेल्यावर काही सुचत नाही, मला लिहून न्यावं लागतं.

वहीत लिहिलं आहे: केळझर, साडेसहा, सगळ्यांपुढे सांगणे. काय सांगणे, ती ओळ अजून कोरी आहे.